खळ्यावरची ठिणगी आणि फिरणारा वारा



नोव्हेंबरच्या सुरुवातीला विरार स्थानकाच्या पूर्वेला बस पकडा आणि शिरसाड ओलांडून पारोळ, भाताणे, मेढे या बाजूला जा. वसई तालुका म्हटला की इमारती, लोकलची गर्दी आणि पश्चिमेकडच्या केळीच्या वाड्या एवढेच पुष्कळांच्या डोळ्यांपुढे येते. पण तानसा नदीच्या दोन्ही अंगांना भाताची खाचरे आहेत. या दिवसांत हळवे भात कापून झालेले असते, गरवे पिवळे होऊन उभे असते. घराशेजारच्या खळ्यावर भाऱ्यांची उडवी रचलेली असते. पूर्वी येथे फळीवर भारे झोडण्याचा नाहीतर बैल फिरवण्याचा आवाज येई. आता पुष्कळ ठिकाणी ट्रॅक्टरची घरघर ऐकू येते. ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्याला मळणी यंत्र जोडलेले असते. एका तोंडाने भारा आत जातो, खालून दाणे पडतात आणि दुसऱ्या तोंडाने पेंढा भिरभिरत बाहेर येतो. हवेत सगळीकडे पिवळी धूळ असते.

आता तुम्हाला एक प्रश्न विचारतो. या खळ्यावर आगीच्या दृष्टीने सर्वांत जपण्यासारखी वस्तू कोणती? बहुतेक जण ट्रॅक्टरच्या डिझेलच्या टाकीकडे बोट दाखवतील. ते अगदीच चूक नाही. पण साध्या तापमानाला डिझेलची वाफ फारशी होत नाही, आणि जळते ती वाफ. टाकीला झाकण असते, आणि डिझेलशी खेळू नये हे लहान मूलही जाणते. पेंढ्याला मात्र कोणी भीत नाही. एक किलो वाळलेला पेंढा जळला तर सुमारे १ कोटी ४० लाख ज्यूल उष्णता बाहेर पडते. एक लिटर डिझेल जळले तर सुमारे ३ कोटी ६० लाख. भागाकार करा. एक क्विंटल पेंढा म्हणजे जवळजवळ ४० लिटर डिझेल! एवढे डिझेल कोणी अंगणात पसरून ठेवील काय? पेंढा आपण ठेवतो, आणि त्याच्या मधोमध गरम इंजिन उभे करतो.

तीन गोष्टी एकत्र आल्यावाचून आग लागत नाही, हे तुम्ही शाळेत शिकलाच आहात : जळणारा पदार्थ, ऑक्सिजन आणि पेट घेण्याइतके तापमान. यांपैकी पदार्थ खळ्यावर ढिगाने आहे. ऑक्सिजन हवेत २१ टक्के आहे, आणि पेंढ्याची प्रत्येक काडी पोकळ असल्यामुळे तो ढिगाच्या पोटापर्यंत पोचलेला आहे. चुलीत ओंडका पटकन पेटत नाही, त्याच लाकडाच्या ढलप्या मात्र भुरकन पेटतात हे तुम्ही पाहिले असेल. पेंढा म्हणजे निसर्गानेच करून ठेवलेल्या ढलप्या. तेव्हा दोन गोष्टी तयारच आहेत. उरले तापमान. वाळलेला पेंढा तापत्या वस्तूला चिकटून राहिला तर साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान धुमसू लागतो. शेतात एवढे तापमान येते कोठून?

ते चार-पाच जागांहून येते. इंजिनातून जळालेला वायू ज्या लोखंडी नळीतून बाहेर पडतो ती नळी भार असताना ३००-४०० अंशांच्याही पुढे तापू शकते. तिच्यावर धूळ आणि काड्या साठल्या की त्या हळूहळू करपतात, काळ्या पडतात आणि मग तांबूस होऊन खाली गळतात. दुसरी जागा बेअरिंग. त्यातले ग्रीस संपले की घर्षण वाढते, आणि घर्षणाने उष्णता निर्माण होते हे हातावर हात चोळूनही कळते. तिसरी जागा यंत्राचा पट्टा. समजा, ५ अश्वशक्तीचे यंत्र आहे. ओलसर भारा अडकून आतला दंडगोल थांबला, पण इंजिन चालूच राहिले, तर पट्टा पुलीवर नुसता घसरतो. ५ अश्वशक्ती म्हणजे सुमारे ३,७०० वॉट. ही सगळी शक्ती आता काम करीत नाही, तिची त्या वीतभर जागेत उष्णता होते. कपड्यांना इस्त्री करण्याचे विजेचे यंत्र सुमारे १,००० वॉटचे असते. म्हणजे एका पुलीवर जवळजवळ चार इस्त्र्या ठेवल्यासारखे झाले. रबर जळल्याचा वास येतो तो यामुळेच. चौथी गोष्ट : फिरत्या आसाला काड्या गुंडाळल्या जातात आणि त्या गुंडाळीचे शेजारच्या पत्र्याशी घासणे चालू राहते. यंत्राच्या पोटात असल्याने ते दिसत नाही. पाठीवर अडकवायच्या पेट्रोलच्या कापणी यंत्रांचे लोखंडी पाते दगडावर आपटले तर ठिणगी उडते ती निराळीच. आणि पेट्रोलची वाफ डिझेलसारखी वाट पाहत नाही, म्हणून असल्या यंत्रात ते गरम असताना पेट्रोल ओतणे हे सर्वांत वाईट.

पण आज आपल्याला विशेष विचार करायचा आहे तो धुराड्यातून उडणाऱ्या ठिणगीचा.

डिझेल पूर्ण जळले नाही म्हणजे काजळी होते. इंजिन बराच वेळ नुसते चालू ठेवले की ही काजळी धुराड्याच्या आतल्या बाजूला थर धरून बसते. मग कोणी एकदम मोठा भारा यंत्रात कोंबतो. इंजिनावर भार पडतो, काळा धूर निघतो, वायूचा झोत जोराचा आणि अधिक तापलेला होतो, आणि त्या थराचे कण सुटून लाल होऊन बाहेर उडतात. दिवसा उन्हात ते दिसत नाहीत. संध्याकाळी दिवेलागणीला पाहिलेत तर दिसतील.

असा एखादा कण केवढा असतो? समजा, १ मिलिमीटर व्यासाचा. त्याचे वजन सुमारे १ मिलिग्रॅम भरते. तो ७०० अंशांना लाल झालेला आहे आणि पेंढा २७० अंशांना धुमसू लागतो असे धरू. म्हणजे ७०० पासून २७० पर्यंत निवताना तो जी उष्णता देईल तेवढीच आपल्या उपयोगाची. त्याखाली उतरला की तो पेंढ्याचे काही वाकडे करू शकत नाही. तापलेल्या कार्बनची विशिष्ट उष्णता ग्रॅमला अंशागणिक सुमारे १.५ ज्यूल. तेव्हा

०.००१ × १.५ × ४३० = सुमारे ०.६५ ज्यूल.

एवढ्याने किती पेंढा पेटेल? पेंढ्याची विशिष्ट उष्णता सुमारे १.४. दुपारच्या ३० अंशांपासून २७० पर्यंत म्हणजे २४० अंश चढवायचे. १ मिलिग्रॅम अगदी कोरड्या पेंढ्याला सुमारे ०.३४ ज्यूल पुरतात. म्हणजे आपली ठिणगी २ मिलिग्रॅमच्या आसपास पेंढा तापवू शकेल. १ मिलिग्रॅम म्हणजे भाताच्या पातीचा तांदळाच्या दोन दाण्यांखाली झाकेल एवढा तुकडा. ‘एवढ्याशाने काय होते?’ असे म्हणू नका. एवढा तुकडा लालसर झाला की तो स्वतःच शेजारच्याला तापवायला लागतो. पहिल्या दोन मिलिग्रॅमपुरतीच काय ती उधारी लागते, पुढचा खर्च पेंढा आपल्या पदरचा करतो.

आता खरी गंमत पाहा. पेंढा अगदी कोरडा कधीच नसतो. समजा, त्यात वजनाच्या २० टक्के पाणी आहे. १ मिलिग्रॅम पेंढ्यामागे ०.२ मिलिग्रॅम पाणी. ते आधी ३० पासून १०० अंशांपर्यंत तापवायचे आणि मग त्याची वाफ करायची. पाण्याची बाष्पीभवनाची अप्रकट उष्णता ग्रॅमला २,२६० ज्यूल आहे. दोन्ही मिळून सुमारे ०.५१ ज्यूल नुसत्या पाण्यावर खर्च होतात! पेंढ्याचे ०.३४ धरून एकूण ०.८५. आपल्या ठिणगीपाशी आहेत ०.६५. ठिणगी हरली. पाणी १० टक्के असेल तर? पाण्याला सुमारे ०.२६, पेंढ्याला ०.३४, मिळून ०.६०. ठिणगी जिंकली, पण काठावर.

अर्थात हा हिशोब ढोबळ आहे. काही उष्णता हवेत जाते. उलट कार्बनचा कण नुसता निवत नाही, वारा मिळाला तर स्वतः जळतही राहतो, आणि १ मिलिग्रॅम कार्बन संपूर्ण जळाला तर सुमारे ३३ ज्यूल मिळतात. म्हणून १० टक्क्यांना आग लागेल आणि १२ ला लागणार नाही असा कोणी अर्थ काढू नये. पण दवाने ओलसर झालेला सकाळचा पेंढा आणि दुपारचा कडकडीत पेंढा यांत एवढे अंतर का, हे त्यावरून कळते. तीच ठिणगी, तोच पेंढा. वेळ मात्र निराळी.

पेंढ्यातले पाणी ठरवते हवा. पेंढा हवेतून ओल घेतो आणि हवेला परत देतो. हवेची सापेक्ष आर्द्रता ९० टक्के असेल तर पेंढ्यात २० टक्क्यांच्या जवळपास पाणी राहते. आर्द्रता ५० टक्क्यांवर उतरली की ते १० टक्क्यांच्या आसपास येते. सुटा, विस्कटलेला पेंढा हा बदल तास-दोन तासांत करतो. घट्ट बांधलेल्या भाऱ्याला अधिक वेळ लागतो. मळणी यंत्र तर पेंढा विस्कटूनच बाहेर फेकते.

आता वसईच्या हवेकडे वळू. समुद्रकाठी रात्री जमीन लवकर निवते आणि पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. दिवसा जमीन तापली की समुद्राकडून खारा वारा येतो. भूगोलाच्या पुस्तकातली ही आकृती तुम्ही परीक्षेसाठी काढली असेल. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये वसईच्या खळ्यावर ती प्रत्यक्ष दिसते. सकाळी वारा मंद, पूर्वेकडून. दव पडलेले असते. मग ऊन चढते, दव उडते, जमिनीवरचा वारा कोरडाच असतो, आणि पेंढा झपाट्याने वाळतो. बारा-एकच्या सुमारास वारा पडतो आणि थोड्याच वेळात पश्चिमेकडून खारा वारा सुटतो. तो दमट असतो, पण जोरदारही असतो.

यात दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. पहिली : काही दिवशी खारा वारा वेळेवर येत नाही. पूर्वेकडचा वाराच दुपारपर्यंत टिकून राहतो. त्या दिवशी मुंबईपासून डहाणूपर्यंत पारा ३५-३६ अंशांवर चढतो आणि आर्द्रता खूप उतरते. ‘आज ओठ फुटताहेत’ असे घरातली माणसे म्हणतात, तो दिवस. आपल्या वरच्या हिशोबात ठिणगी सहज जिंकेल असा दिवस तोच.

दुसरी गोष्ट अधिक फसवी. सकाळी आठला ट्रॅक्टर खळ्यावर आला. चालवणारा शहाणा आहे. वारा पूर्वेकडून आहे असे पाहून त्याने ट्रॅक्टर उडवीच्या पश्चिमेला उभा केला. धूर आणि ठिणग्या उडवीपासून दूर जाव्यात म्हणून. अगदी बरोबर केले. चार तास काम झाले. दुपारी वारा उलटला. ट्रॅक्टर तेथेच आहे, यंत्र जोडलेले आहे, माणसे घामाघूम आहेत, आणि आता धुराड्याचे तोंड वाऱ्याच्या वरच्या अंगाला आले आहे. खाली उडवी आहे, आणि तिच्याशेजारी नुकताच पडलेला सुटा पेंढा. सकाळी जी जागा सुरक्षित होती तीच दुपारी वाईट झाली, आणि कोणी काहीच चुकीचे केले नाही!

ठिणगी किती दूर जाईल? धुराड्याचे तोंड जमिनीपासून २.५ मीटर उंच आहे असे समजा. नववीत शिकलेले सूत्र वापरा : पडायला लागणारा वेळ सुमारे ०.७ सेकंद. खारा वारा सेकंदाला ५ मीटर वेगाने वाहत असेल, म्हणजे ताशी १८ किलोमीटर, तर कण साडेतीन मीटरपर्यंत जाईल. पण धुराड्याचा झोत त्याला आधी वर फेकतो आणि हवेचा विरोध त्याला सावकाश खाली येऊ देतो, हे आपण धरलेच नाही. म्हणून ट्रॅक्टर आणि उडवी यांत निदान दहा मीटर तरी अंतर असावे आणि धुराड्याला ठिणग्या अडवणारे उपकरण बसवावे. या उपकरणात वायूला गरगर फिरवतात. जड कण केंद्रापसारी प्रेरणेने कडेला फेकले जाऊन तेथेच अडकतात. ताक घुसळताना जे घडते त्याच जातीची ही युक्ती आहे.

वाऱ्याचे आणि आर्द्रतेचे हे गणित आपल्याकडे फारसे कोणी मांडत नाही. ऑस्ट्रेलियात गव्हाची शेते हजारो एकरांची, आणि कापणी भर उन्हाळ्यात. तेथे तापमान, आर्द्रता आणि वाऱ्याचा वेग एकत्र करून धोक्याचा अंक काढतात, आणि तो ठरावीक मर्यादेपुढे गेला की कापणी यंत्रे थांबवतात. पश्चिम ऑस्ट्रेलियात तर स्थानिक संस्था त्या दिवसापुरती कापणीवर चक्क बंदी घालू शकतात. आपली खाचरे लहान, यंत्रेही लहान. पण ज्या घरचे वर्षाचे भात एकाच उडवीत आहे आणि दोन म्हशींची वैरण त्याच पेंढ्यात आहे, त्या घराला आग लहान नसते.

तुमच्या मामाच्या खळ्यावर जाऊन तुम्ही हे सगळे सांगितलेत तर मामा काय म्हणतील ते मला ठाऊक आहे. “अरे, इतकी वर्षं मळणी करतोय, कधी काय झालं नाय.” यावर वाद घालू नका. मामांचे म्हणणे खरे आहे. दर ठिणगीने आग लागत नाही. ठिणगी धुळीत पडते, ओलसर काडीवर पडते, हवेतच विझते. कोरडा दिवस, उलटलेला वारा, सुटा पेंढा आणि जिवंत ठिणगी या चारही गोष्टी एका क्षणी जुळाव्या लागतात. त्या क्वचित जुळतात, म्हणून इतकी वर्षे काही झाले नाही. तुम्ही एवढेच करा. दुपारी जेवायला यंत्र थांबते. तेवढ्यात मामांना विचारा, “वारा फिरला, ट्रॅक्टर त्या बाजूला घेऊ या का?” आणि नळीवरचा भुसा झाडणीने झाडून टाका, अर्थात यंत्र बंद आणि निवलेले असताना. एरवी चालू मळणी यंत्राजवळ मुलांनी जायचेच नाही. सैल सदरा, ओढणी, हाताची बोटे यांच्या बाबतीत ते यंत्र आगीपेक्षाही वाईट आहे.

ठिणगी पडली म्हणजे लगेच जाळ दिसतो असे नाही. ढिगाच्या आत ऑक्सिजन थोडा असेल तर पेंढा जाळावाचून धुमसतो. असे धुमसणे मिनिटाला काही मिलिमीटर एवढ्या संथ गतीने सरकते. भाताच्या पेंढ्यात सिलिका पुष्कळ. त्याची राख जागच्या जागी राहते आणि निखाऱ्यावर पांघरूण घालते. माणसे संध्याकाळी काम आटोपून घरी जातात, आणि रात्री कधीतरी वाऱ्याला वाट मिळते. धुमसत्या ढिगाची आग किती दगा देते याचे आपल्या जवळचे उदाहरण मुंबईच्या गोदीतले आहे. कापूस आणि पेंढा ही सख्खी भावंडे. दोन्ही मुख्यतः सेल्युलोजची. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ हे जहाज उभे होते. त्यात कापसाच्या सुमारे ८,७०० गाठी आणि सुमारे १,४०० टन स्फोटके होती. दुपारी कापसाच्या कोठारातून धूर निघताना दिसला. बंब आले, शेकडो टन पाणी ओतले गेले, पण ते गाठींच्या पोटातल्या आगीपर्यंत पोचेना. चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. शेकडो माणसे मेली, त्यांत अग्निशामक दलाचे ६६ जवान होते. १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात तो त्यांच्या स्मरणार्थ. तेथला स्फोट दारूगोळ्याचा होता, हे खरे. पण सुरुवात कापसाच्या धुमसण्याने झाली, आणि पाणी वरून ओतून ती थांबली नाही, हे आपण घेण्यासारखे आहे. पेंढ्याचा ढीग धुमसत असेल तर तो दाताळ्याने फोडून, पसरून, प्रत्येक थर भिजवावा लागतो. त्यासाठी माणसे हवीत आणि पाणी हाताशी हवे, कारण ढीग फोडला की हवा मिळून जाळ उठतो. मळणी संपल्यावर अर्धा-पाऊण तास कोणीतरी खळ्यावर थांबावे, असे जाणते लोक सांगतात ते यासाठी.

मग ओला पेंढा तरी सुरक्षित म्हणावा काय? ठिणगीपुरता, होय. पण कापणीत अवकाळी पाऊस आला आणि भिजलेला पेंढा किंवा अर्धवट वाळलेले गवत घट्ट दाबून रचले, तर निराळेच संकट उभे राहते. त्यात जीवाणू आणि बुरशी वाढतात, त्यांच्या श्वसनाने ढीग आतून तापतो. ७० अंशांच्या आसपास जीवाणू मरतात, पण तोवर रासायनिक क्रिया सुरू झालेल्या असतात आणि त्या तापमान पुढे चढवतात. बाहेरून कोणी काडी लावली नाही तरी ढीग पेटू शकतो. वसई-पालघरच्या पूर्व पट्ट्यातले गवत गाठी बांधून मुंबईच्या तबेल्यांना पाठवण्याचा धंदा जुना आहे. त्या वखारीतली माणसे गाठीत हात घालून ऊब पाहतात ती उगीच नाही.

पेंढा खळ्यावरून निघाला तरी भीती संपत नाही. टेम्पोवर तो इतका उंच रचतात की वाहन दिसतच नाही, फक्त चालता डोंगर दिसतो. रस्ता ओलांडणाऱ्या विजेच्या उघड्या तारा जमिनीपासून सुमारे ५.८ ते ६.१ मीटर उंच असाव्यात असा नियम आहे. पण गल्लीतल्या झोळ पडलेल्या तारा नियम वाचत नाहीत, आणि दुपारी तापल्यावर धातू प्रसरण पावून त्या आणखी खाली येतात. डोंगराचा माथा दोन तारांना एकदम लागला की ठिणगी, आणि मागून धावत्या वाहनाचा वारा. ‘पेंढ्याच्या टेम्पोला आग’ ही बातमी आपल्या जिल्ह्यात नवी नाही. चालकाला तर धूर सर्वांत शेवटी दिसतो.

आग लागलीच तर काय करायचे तेही थोडक्यात पाहू. यंत्र बंद. विजेची मोटर असेल तर आधी मुख्य बटण बंद, तोवर पाणी नाही. इंजिनाजवळ तेल पेटले असेल तर पाण्याने ते पसरते. माती, वाळू किंवा कोरड्या भुकटीचे अग्निशामक नळकांडे वापरावे. पेंढ्याला पाणी. म्हणून खळ्यावर पाण्याचे दोन पिंप, ओली गोणपाटे आणि मातीचा ढीग आधीच असावा. १०१ किंवा ११२ या क्रमांकावर लगेच कळवावे आणि गावाचे नाव, फाटा, ओळखीची खूण नीट सांगावी. शहरातून पूर्वेच्या पाड्यापर्यंत बंब यायला वेळ लागतो आणि पेंढा थांबत नाही. पाच मिनिटांत आवरली नाही तर आगीशी झुंजण्यापेक्षा शेजारची उडवी आणि गुरे दूर करणे चांगले. मुलांनी वाऱ्याच्या वरच्या अंगाला, दूर उभे राहावे.

आता तुमच्यासाठी एक प्रयोग. पेंढा पेटवून पाहण्याचा नाही! सुटा पेंढा जाळीच्या पिशवीत भरा, वजन १०० ग्रॅमच्या आसपास असू द्या, आणि पिशवी उघड्यावर सावलीत टांगा. सकाळी ७ पासून संध्याकाळी ६ पर्यंत दर तासाला स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा. त्याच वेळी काठीला बांधलेला हलका दोरा कोणत्या दिशेला उडतो तेही लिहा. शाळेत ओल्या आणि कोरड्या फुग्याचे तापमापक असतील तर शिक्षकांच्या मदतीने आर्द्रताही काढा. आठवडाभराच्या नोंदी आलेखावर मांडल्या की पेंढा सर्वांत हलका केव्हा होतो आणि वारा केव्हा फिरतो, हे दोन्ही एकाच कागदावर दिसेल. ज्या दिवशी वारा उशिरा फिरला त्या दिवशी वजन किती उतरले ते मुद्दाम पाहा.

हाच प्रयोग समुद्राजवळच्या निर्मळ किंवा भुईगावच्या शाळेने आणि पूर्वेच्या पारोळच्या शाळेने एकाच दिवशी केला तर आणखी एक गोष्ट हाती येईल. खारा वारा पश्चिमेला आधी पोचतो, पारोळला नंतर. दोन गावांतले अंतर नकाशावर मोजा, दोन्हीकडच्या वेळांतला फरक काढा, आणि त्या दिवशी खारा वारा ताशी किती किलोमीटर वेगाने आत शिरला ते सांगा. निर्मळच्या मुलांनी वारा फिरताच पारोळच्या शाळेत फोन केला, तर तेथल्या खळ्यावर ट्रॅक्टर हलवायला किती मिनिटे मिळतील, हेही त्याच गणितातून निघते.